हजेरीपटावरचं नाव

पत्र आलं तेव्हा मी अंगणात मिरच्या निवडत बसले होते. पत्र म्हणजे हल्लीच्या रीतीप्रमाणं नातवाच्या फोनवर आलेलं. त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं. "परिचर्येतील नेतृत्व आणि शिक्षण" या विषयावर दोन दिवसांची परिषद, स्थळ हातोद, जिल्हा इंदूर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी "ज्येष्ठ परिचारिका-शिक्षिका" म्हणून माझं भाषण. नातू म्हणाला, "आजी, ज्येष्ठ म्हणजे म्हातारी ना?" मी म्हटलं, "होय बाबा, तेच."

हातोद कुठं आलं ते मला ठाऊक नव्हतं. इंदूर मात्र ठाऊक होतं. १९८५-८६ साली तिथल्या मिड-इंडिया बोर्डाच्या ग्रॅज्युएट स्कूलमध्ये सिस्टर ट्यूटर व्हायला म्हणून मी एक वर्ष काढलं होतं. आमच्या सीमाभागातल्या मिशन इस्पितळानं मला पाठवलं होतं. बेळगाव तालुक्यातल्या खेड्यातली मुलगी, मिरजेला शिकलेली, कन्नड-मराठी दोन्ही अर्धीअर्धी बोलणारी, ती एकदम माळव्यात जाऊन पडली. त्या वर्षाची आठवण इतकी गोड की मी नातवाला लगेच "येते म्हणून कळव" असं सांगून टाकलं. विषय कोणता आहे याचा विचार दोन दिवसांनी केला. आणि तेव्हा वाटलं, आपण हो म्हणायला नको होतं.

का वाटलं ते पुढं येईलच.

बेळगावहून पुणे, पुण्याहून दुपारची इंदूरची गाडी. फेब्रुवारी महिना (२०२५ मधला), रात्री गुजरातेत थंडी आणि सकाळी उज्जैन ओलांडल्यावर दोन्ही बाजूंना गव्हाची हिरवी शेतं. इंदूर स्टेशनावर माझी एक जुनी विद्यार्थिनी न्यायला आली होती. मूळची निपाणीकडची, लग्न होऊन इंदूरच्या एका मराठी घरात पडली. घर तिथं तीन पिढ्यांपासूनचं. हातोदच्या त्या महाविद्यालयात आता ती शिकवते. नाव सांगत नाही, तिला ते आवडायचं नाही. "बाई, प्रवासात काही परेशानी नाही ना झाली?" असं तिनं विचारलं आणि मला हसू आलं. आमच्याकडं राहिली असती तर हिच्या मराठीत कन्नड शिरलं असतं, इथं हिंदी शिरलं. महाराष्ट्राबाहेरच्या मराठीचं असंच असतं, ज्याच्या अंगणात वाढते त्याचं पाणी घेते. आपण सीमेवरची माणसं उगाच शुद्धतेचा आग्रह धरत बसतो.

इंदूरहून विमानतळाच्या अंगानं गांधीनगर मागं टाकलं की हातोदची वाट लागते. काळी जमीन, गहू, हरभरा, लसणाचे वाफे. हातोद तसं लहानसंच गाव, पण नगर परिषद आहे, तहसील आहे. वाटेत तिनं गाडी थांबवून उसळ-पोहे खायला घातले. वर शेव, बाजूला जिलेबी. सत्तरीच्या बाईनं सकाळी आठ वाजता जिलेबी खाऊ नये हे मी आयुष्यभर पेशंटांना सांगत आले आहे. खाल्ली.

परिषद जशी असते तशी होती. कापडी पिशवी, गळ्यात पट्टी, सरस्वतीवंदना, शाली, नारळ. मंचावर नाइटिंगेलबाईंचं चित्र आणि त्याच्यापुढं पितळी दिवा, अल्लाउद्दिनाच्या गोष्टीतला असतो तसा चोचीचा. हा दिवा सगळीकडं असतो. आमच्या कॅपिंगच्या दिवशीही तोच होता. पण क्रिमियाच्या युद्धात त्या बाई रात्री खाटांमधून फिरत तो दिवा असा नव्हताच. तो तुर्की घडीचा कंदील होता, आत मेणबत्ती, बाहेर चुण्या पडलेलं आवरण. दिवाळीत आपण दारात टांगतो त्या घडीच्या आकाशकंदिलाचा भाऊ म्हणा. वारा लागून विझू नये आणि झोपलेल्याच्या डोळ्यांवर उजेड पडू नये, एवढंच त्याचं काम. चोचीचा दिवा दिसायला बरा, म्हणून चित्रकारांनी तो हातात दिला आणि आपण तो मंचावर आणून ठेवला.

पहिला दिवस नेतृत्वाचा. पडद्यावर वर्तुळं, बाण, पायऱ्या. "ट्रान्सफॉर्मेशनल लीडरशिप" हा शब्द मी सोळा वेळा मोजला, मग सोडून दिलं. बोलणाऱ्यांत व्यवस्थापनाचे लोक जास्त, परिचारिका कमी. वाईट कोणी बोललं असं नाही. पण मला सारखी आमची मिरजेची वॉर्ड सिस्टर आठवत होती. ती रात्रपाळीला न सांगता यायची. लकव्याच्या पेशंटच्या पाठीखाली हात सारायची आणि तळहातानं चादर चाचपायची. सुरकुती लागली की बास. काही बोलायची नाही, स्वतःच चादर ओढून ताठ करायची, कोपरा पाकिटासारखा दुमडायची आणि पुढच्या खाटेकडं जायची. आम्ही तिथंच मेल्याहून मेल्यासारख्या व्हायचो. चादरीच्या एका सुरकुतीनं पाठ लाल होते, लाल झालेली कातडी दोन-तीन दिवसांत फुटते, आणि एकदा फुटली की महिनोन् महिने भरत नाही, हे पुस्तकात नंतर वाचलं. आधी त्या हातानं शिकवलं. "लीडरशिप" हा शब्द त्या बाईनं जन्मात ऐकला नसेल.

माझं भाषण मी वहीत लिहून नेलं होतं. त्यात इतिहास भरपूर होता, कारण म्हातारी माणसं इतिहासाच्या आडोशाला सुखरूप असतात. मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली इस्पितळ उभारलं आणि तीन वर्षांत तिथं परिचारिकांचं शिक्षणही सुरू झालं. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानड्यांचं सेवासदन निघालं आणि पांढरपेशा घरातल्या विधवा मुली ससून इस्पितळात नर्सचं काम शिकायला जाऊ लागल्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कुणाच्याही जातीची घाण उचलायची, आणि रात्री घराबाहेर राहायचं! त्या काळी पुण्यात याच्यावर काय काय बोललं गेलं असेल ते आपल्याला कळू शकतं, कारण १९७३ साली माझ्या आज्जीनंही तेच बोलून दाखवलं होतं. "डॉक्टरीण हो म्हटलं असतं, पण हे?" पुढं भोर समितीचा अहवाल, १९४६. सर जोसेफ भोर हे नाशिकला जन्मलेले गृहस्थ. त्यांच्या समितीनं हिशेब मांडला की देशात त्रेचाळीस हजार माणसांमागं एक नर्स आहे, आणि पुढं पाचशे माणसांमागं एक असावी असं स्वप्नही मांडलं. पुढच्या साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. २०२३ साली संसदेनं त्याच्या जागी नवा कायदा केला.

शेवटी मी अरुणा शानभागबद्दल लिहिलं होतं. हळदीपूरची, म्हणजे आमच्याच कर्नाटकातल्या किनाऱ्याकडची मुलगी, मुंबईच्या केईएममध्ये नर्स. २७ नोव्हेंबर १९७३च्या रात्री तिच्यावर जे झालं त्यानंतर ती कधी उठली नाही. मी शिकायला गेले तेच हे वर्ष, त्यामुळं आमच्या वसतिगृहात आठवडाभर कुणी एकटी न्हाणीघरात गेली नव्हती. १८ मे २०१५ला ती गेली. बेचाळीस वर्षं. त्या बेचाळीस वर्षांत त्या वॉर्डातल्या नर्सेस बदलल्या, निवृत्त झाल्या, त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुली आल्या, त्याही प्रौढ झाल्या. घास भरवणं, कूस बदलणं मात्र थांबलं नाही. पाठीला जखम होऊ दिली नाही याची सगळीकडं नोंद झाली. २०११ साली तिच्या दयामरणाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढं आला तेव्हा त्या नर्सेस "ती आमची आहे" म्हणून उभ्या राहिल्या आणि न्यायालयानं त्यांचं म्हणणं मानलं. दयामरण बरं की वाईट या वादात मी पडत नाही, माझं मन दोन्हीकडं हेलकावतं. पण परिचर्येचं शिक्षण एका पिढीकडून दुसरीकडं कसं जातं, ते दाखवायला याच्यापेक्षा मोठं उदाहरण माझ्याजवळ नव्हतं.

असं हे भाषण. कुणालाही आवडावं असं, आणि माझ्या अंगाला कुठं खरचटू नये असं.

दुपारी जेवणानंतर पाय आखडले म्हणून मी प्रात्यक्षिकाच्या खोलीत जाऊन बसले. तिथं रबरी पुतळ्याच्या खाटेशी एक स्वयंसेविका मुलगी चादर घालत होती. कोपरा चुकला होता. सवयीनं उठून मी दुमडून दाखवला. मग बोलणं निघालं. देपालपूरकडच्या खेड्यातली, बाप शेतकरी. वय विचारलं तर तेवीस, आणि शिकतेय दुसऱ्या वर्षाला! मी म्हटलं, "उशिरा आलीस का ग?" मोडक्यातोडक्या माझ्या हिंदीला तिनं सावकाश उत्तर दिलं. आधी ती दुसऱ्याच एका कॉलेजात होती. फी भरली, गणवेश शिवला. इमारतीचा एक मजला होता, वर्ग कधी भरायचा, बहुतेकदा नाही. इस्पितळ दाखवलं ते फक्त फोटोत. परीक्षा एक वर्ष झाली नाही, दुसऱ्या वर्षीही नाही. मग कळलं की ते कॉलेज टिकणारच नाही. बापानं दीड बिघा गहाण ठेवला होता. इथं पुन्हा पहिल्यापासून.

हे असं का झालं ते आपल्याकडच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. मध्य प्रदेशात नर्सिंग कॉलेजांचं मोठं प्रकरण उघडकीला आलं. इस्पितळ नाही, शिक्षक नाहीत, एकाच शिक्षकाचं नाव अनेक ठिकाणी, अशा तक्रारी उच्च न्यायालयात गेल्या आणि न्यायालयानं सीबीआयला तपासणी करायला सांगितलं. २०२४च्या सुरुवातीला तपासलेल्या ३०८ कॉलेजांचा हिशेब आला. १६९ ठीक, ७३ मध्ये उणिवा, ६६ अयोग्य. आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात तपास करणाऱ्यांतलेच काही अधिकारी लाच घेताना पकडले गेले, तेव्हा "ठीक" ठरलेल्यांकडंही पुन्हा बघण्याची पाळी आली. या सगळ्यात हजारो मुलामुलींच्या परीक्षा रखडल्या. आकडे असेच वाचले जातात. त्यातला एक आकडा माझ्यासमोर चादरीचा कोपरा घट्ट करत होता.

मी विचारलं, "वहाँ प्रिन्सिपल कौन थी?"

"पता नहीं मैडम. बोर्ड पर नाम लिखा था. हमने उन्हें कभी देखा नहीं."

ती हे अगदी सहज म्हणाली. तिला काय माहीत, तिच्यासमोर कोण बसलंय ते.

आता सांगते. मी २०१३ साली निवृत्त झाले. दुसऱ्या वर्षी यजमानांचं हृदयाचं ऑपरेशन झालं, मुलाचं घराचं कर्ज डोक्यावर होतं. अशात एका संस्थेचे गृहस्थ पेढे घेऊन घरी आले. आमच्या भागातलीच संस्था, नर्सिंगची शाळा काढायची होती. प्राचार्य म्हणून बीएस्सी झालेली, शिकवण्याचा अनुभव असलेली बाई कागदावर दाखवावी लागते. मी इग्नूकडून बीएस्सी केलेलं होतं, अनुभव तर होताच. "बाई, तुम्ही रोज यायची काही जरूर नाही. फक्त नाव पाहिजे. इन्स्पेक्शनला दोन दिवस या." पगार दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खात्यात. मी यजमानांना विचारलं. ते म्हणाले, "तू आयुष्यभर राबलीस, आता कुणी मान देतोय तर घे." मान! त्यांनाही खरं काय ते कळत होतं, मलाही.

दोन वर्षं माझं नाव त्या हजेरीपटावर होतं. सह्या महिन्याच्या एकदम करायच्या, शिपाई वही घेऊन घरी यायचा. पेनं दोन आणायचा, एक निळं, एक काळं. सगळ्या सह्या एकाच शाईत दिसू नयेत म्हणून.

इन्स्पेक्शनचा दिवस मी विसरू शकत नाही. नियमाप्रमाणं शाळेला शंभर खाटांचं इस्पितळ हवं, एका विद्यार्थ्यामागं तीन पेशंट, दहा विद्यार्थ्यांमागं एक शिक्षक. खाटा आदल्या रात्री टेम्पोतून आल्या होत्या. पेशंट सकाळी ट्रॅक्टरनं आले. आजूबाजूच्या वस्तीवरची माणसं, प्रत्येकी दोनशे रुपये आणि दुपारी जेवण. तपासनीस येण्याआधी मी वॉर्डातून फिरले. एका म्हातारीच्या खाटेच्या पायथ्याशी टीपीआरचा तक्ता लावलेला होता. तीन दिवसांचे आकडे भरलेले, ताप उतरत आलेला, रेघ मोठी सुबक. माझा हात आपसूक तिच्या मनगटावर गेला. नाडी बहात्तर, घड्याळासारखी. तळपायांना शेतातली माती, भेगांत वाळलेली. ती हळूच म्हणाली, "अक्का, किती येळ झोपायचं? म्हशीची धार काढायची हाय."

मी म्हटलं, "झोप ग आई, थोडा वेळ." आणि पुढं गेले.

मिरजेची ती वॉर्ड सिस्टर असती तर तिनं त्या चादरीखाली हात सारला असता का, असं नंतर कितीदा मनात आलं. चादर अगदी ताठ होती. नवीकोरी, दुकानाची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

तपासणी पार पडली. तपासनिसांनी माझ्या अनुभवाबद्दल दोन गौरवाचे शब्द काढले. आणि हे मी बाणेदारपणे सोडून दिलं असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. यजमान गेले, माझं मन कशातच लागेना, एका महिन्याला मी सह्या करायच्या राहिले, आणि संस्थेनं दुसरं नाव शोधलं. पेढ्यांचा पुडा त्यांच्याकडं गेला असेल. त्या शाळेतल्या मुली पुढं कुठं गेल्या, कुणाला टोचलं, कुणाची पाठ सांभाळली की बिघडवली, मला माहीत नाही. त्यातली एकही मला तोंडानं ओळखत नव्हती. त्यांच्यासाठी मी बोर्डावरचं नाव.

त्या रात्री हातोदच्या पाहुण्यांच्या खोलीत झोप आली नाही. माझी विद्यार्थिनी जवळच झोपायला आली होती. तिला दोनदा हाक मारावीशी वाटली. तिनं माझ्या हाताखाली सुई धरायला शिकलेलं, तिला कसं सांगायचं?

सकाळी भाषणाला उभी राहिले. वही उघडली. वॉनलेस झाले, रमाबाई झाल्या, भोर झाले. अरुणाचं सांगितलं तेव्हा सभागृहात शांतता होती. मग मी वही मिटली आणि म्हटलं, "मला एका परिचारिकेची गोष्ट सांगायची आहे." गोष्ट सगळी सांगितली. पेढे, दोन पेनं, ट्रॅक्टर, म्हातारी, म्हैस. म्हशीला लोक हसले. फक्त "मी" म्हणायच्या ठिकाणी "ती" म्हटलं. घशाशी आला होता तो शब्द, तोंडातून निघताना बदलला.

टाळ्या पडल्या. संचालन करणारे प्राध्यापक म्हणाले, "अत्यंत मार्मिक केस स्टडी, मॅडमनी विषयाला प्रत्यक्ष अनुभवाची जोड दिली." शाल घातली. माझ्या विद्यार्थिनीनं माझ्याकडं पाहिलं आणि नजर खाली केली. तिला कळलं असावं. परतीच्या गाडीपर्यंत ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही, पण माझी पिशवी तिनं कुणाला उचलू दिली नाही.

निघायच्या आधी ती देपालपूरकडची मुलगी आपली केसबुकची वही घेऊन आली. पाहुण्यांची सही हवी होती, जशी हल्ली मुलं क्रिकेटवाल्यांची घेतात. मी वही चाळली. ही मुलं प्रात्यक्षिकाला इंदूरच्या एका मोठ्या इस्पितळात जातात. एका पानावर मांडीचं हाड मोडलेल्या बाईची केस होती. रात्रपाळीचे रकाने: दहा वाजता कूस बदलली, पाठ पुसली, पावडर. बारा वाजता उजवी कूस. दोन वाजता डावी. चारचा रकाना कोरा. सहाला पुन्हा, "कमरेवर लाली दिसली, सिस्टरना सांगितलं."

मी कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "ये क्या है?"

ती गोरीमोरी झाली. "चार बजे मैं सो गई थी, मैडम."

"किसी ने कहा नहीं, भर दो करके?"

"कहा था," ती म्हणाली. आणि मग थोडं थांबून, "लेकिन लाली तो थी ना."

मी चष्मा पुसला. तिनं आपलं पेन पुढं केलं, निळ्या शाईचं. मी त्या पानाखाली, चारच्या रकान्याला धक्का न लावता, सही केली, आणि सहीखाली पहिल्यांदाच तारीख त्याच दिवशीची घातली.